आनंदाचे मोल

ज्या वस्तूवर आपले स्वामित्व नाही, परंतु जिच्या सहवासात आपण आनंद भोगतो, तिच्याविषयी आपले काही कर्तव्य असते काय? मित्रांसह दिवसभर रानात भटकून आलेल्या मनुष्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. रान सरकारचे, वारा देवाचा आणि पाय आपले. मग देणे ते कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियातील काही भटक्या मित्रांनी आचरणातून दिले आहे. रानातील पायी भ्रमंतीला त्या देशात 'बुशवॉकिंग' म्हणतात. १९३१ च्या ईस्टरच्या सुट्टीत ॲलन रिग्बी व त्यांचे सोबती सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लू माउंटन्समध्ये, ग्रोज नदीच्या खोऱ्यात उतरले होते. तेथे निलगिरीच्या कुळातील उंच, सरळ वृक्षांचे वन आहे. त्या वनात त्यांची एका पट्टेदाराशी गाठ पडली. ते वृक्ष तोडून अक्रोडाची लागवड करण्याचा त्याचा बेत होता.

आता न्याय कोणाच्या बाजूने? कायदा पट्टेदाराच्या बाजूने होता. दिवस जागतिक मंदीचे होते. कष्टाने चार पैसे मिळवू पाहणाऱ्यास दुष्ट ठरविणे अन्यायाचे झाले असते. परंतु एकदा तोडलेले वन अक्रोडाच्या उत्पन्नातून पुन्हा उभे राहिले नसते, हेही तितकेच खरे.

अशा प्रसंगी आपण बहुधा वनाच्या थोरवीवर व्याख्यान देतो आणि त्याग दुसऱ्याने करावा अशी अपेक्षा धरतो. यालाच हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. त्या मित्रांनी तसे केले नाही. पट्टेदाराचा हक्क मान्य करून त्यांनी त्याचे मोल विचारले. १३० पौंड ठरले. वर्गणी आणि उसनवारी करून त्यांनी ती रक्कम उभी केली. पट्टेदाराने हक्क सोडला आणि सप्टेंबर १९३२ मध्ये ते वन सर्वांसाठी राखीव झाले. पैसे भरूनही त्यांनी ते स्वतःच्या नावावर करून घेतले नाही, हे विशेष. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात आज ते वन उभे आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक झाडासाठी वर्गणी कशी काढावी? रान राखणे हे सरकारचे काम नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु येथे मुद्दा पैशाचा नाही; त्यागाला आरंभ कोणी करावा, हा आहे. आपल्याकडील तरुणही सुट्टीच्या दिवशी खानापूरच्या रानात जातात. रान राखायचे तर तेथील रहिवाशाने गुरे चारू नयेत, सरपण तोडू नये, वेळ पडल्यास घरही सोडावे, असे परतताना सहज बोलून जातात. ते बोलणे कदाचित योग्यही असेल. मात्र बोलणाऱ्याने स्वतः काय सोडले, हे आधी सांगावयास हवे.

आपल्या परंपरेने मनुष्यास जन्मतःच ऋणी मानले आहे. भोगामागून ऋण येतेच. आणि ते आपल्याच गाठीच्या धनाने फेडावयाचे असते, शेजाऱ्याच्या नव्हे.