सला गावचे येणे

रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट आपल्याकडे मुलांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आहे. ती वाचलेल्या कोणालाही विचारा. बेट आठवते, वाळूत उमटलेला तो एकच पाऊलठसा आठवतो, फ्रायडे आठवतो. बेटावर पोचण्यापूर्वी हा गृहस्थ दोन वर्षे गुलाम होता, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. कानेरी बेटे आणि आफ्रिकेचा किनारा यांच्या दरम्यान चाच्यांनी त्याचे जहाज धरले आणि त्याला आपल्या बंदरात नेले. पुढे मालकाची मासेमारीची होडी घेऊन तो निसटला. बरोबर झुरी नावाचा एक पोरगा होता. किनाऱ्याकिनाऱ्याने चाललेल्या त्या प्रवासात झुरीने त्याला जीव लावून साथ दिली. मग एक पोर्तुगीज जहाज भेटले, आणि कालपरवापर्यंत स्वतः गुलाम असलेल्या क्रूसोने झुरीला साठ रुपेरी नाण्यांना त्या कप्तानाच्या हवाली केले. पुढे ब्राझीलमध्ये मळा केल्यावर झुरीला दिल्याबद्दल त्याला हळहळ वाटते खरी. पण ती मळ्यात हात कमी पडू लागले म्हणून! ज्या सफरीत जहाज फुटून तो बेटाला लागला, ती सफरही आफ्रिकेतून गुलाम आणण्यासाठीच निघाली होती.

डॅनियल डीफोने हे १७१९ साली लिहिले. त्यात उपरोध किती आणि भाबडेपणा किती, याचा खल पंडितांनी करावा. मला त्यातला प्रश्न सुटत नाही तो निराळाच. ज्याने एखादे दुःख अंगावर सोसले, त्याला तेच दुःख दुसऱ्याला देताना हात आखडता का घ्यावासा वाटत नाही? उलट, सोसल्यामुळेच आपल्याला काही जास्तीचा हक्क मिळाला, असे त्याला का वाटते?

क्रूसोला नेले ते बंदर कादंबरीकाराच्या कल्पनेतले नव्हे. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर बू रेग्रेग नदीच्या मुखाशी ते आजही आहे. फ्रेंच नकाशांत त्याचे नाव ज्या रीतीने लिहिले जाते, ते आपल्या कानांना शिवीसारखे लागते आणि चारचौघांत घेण्याजोगे नाही. म्हणून मी त्याचे अरबी नाव, सला, हेच वापरतो. नदीच्या उत्तर काठावर सला आणि दक्षिण काठावर रबात. १९१२ साली फ्रेंचांनी रबातला राजधानी केले, तेव्हापासून सला म्हणजे राजधानीचा पलीकडचा काठ, असे होऊन बसले. २०११ पासून दोहोंमध्ये ट्रामही धावते. परंतु सलाच्या जुन्या घराण्यांना हा धाकटेपणा मानवत नाही, आणि ते त्यांना शोभते. मरीनी सुलतानांनी १३४१ साली पुरा केलेला तेथला मदरसा पाहावा. खाली रंगीत फरश्यांच्या तुकड्यांची नक्षी, तिच्यावर चुन्यात कोरलेली वेलबुट्टी, त्याहून वर देवदाराचे कोरीवकाम. आणि मधला चौक इतका लहान, की दोन-चार पावलांत माणूस चोहोबाजूंनी नक्षीने वेढला जातो.

याच गावात पैगंबरजयंतीच्या आदल्या दिवशी मेणाच्या कंदिलांची मिरवणूक निघते. आपल्या आकाशकंदिलांसारखे ते प्रकाशासाठी नसतात. लाकडाच्या सांगाड्यावर रंगीत मेणाची फुले, जाळ्या आणि कमानी बसवून कारागीर ते महिनोन्‌महिने घडवतात. नावाडी आणि कारागीर ते खांद्यावर घेऊन वाजतगाजत सिदी अब्दल्ला बिन हस्सून या संताच्या कबरीपाशी नेतात. हा संत १६०४ साली वारला. सुलतान अहमद अल्‌-मन्सूरने अशी मिरवणूक इस्तंबूलला पाहिली आणि इकडे सुरू केली, असे सांगतात. मेणाची फुले खांद्यावरून नेणारे गाव आणि क्रूसोला साखळी घालणारे गाव एकच आहे. आपण सणाच्या दिवशी असल्या गोष्टी एकत्र आठवत नाही; आज आठवाव्यात असे मला वाटते.

आता मागे जाऊ. १२६० साली, रमजान ईदच्या दिवसांत, कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याचे आरमार सलावर येऊन पडले. त्यांनी गाव लुटले, माणसे मारली आणि पुष्कळ बायकामुलांना पकडून सेव्हिलला नेले. मरीनी सुलतान अबू यूसुफ याकूब धावून आला आणि त्याने गाव सोडवले. पण नेलेली माणसे गेली ती गेलीच. यानंतर सुलतानाने नदीच्या बाजूने तट बांधला. त्याने स्वतः दगड वाहिले अशी कथा आहे. तटात त्याने बाब म्रीसा नावाचा एक दरवाजा ठेवला. म्रीसा म्हणजे छोटे बंदर. त्या उंच कमानीखालून कालव्याने जहाजे थेट गावाच्या आत येत. आज तो कालवा बुजला आहे, आणि कोरड्या जमिनीवर एवढी उंच कमान कशासाठी, असे नवख्याला वाटते. गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीतून उभे राहिलेले हे दार आहे.

साडेतीनशे वर्षांनी जे आले ते निराळ्या तऱ्हेने आले. १४९२ साली ग्रानाडा पडल्यानंतर स्पेनमधल्या मुसलमानांना हळूहळू बळाने ख्रिस्ती करण्यात आले. या बाटवलेल्यांना मोरिस्को म्हणत. शंभर वर्षे ते चर्चमध्ये गेले, स्पॅनिश बोलले, स्पॅनिश नावे लावली. तरी राज्याचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. १६०९ ते १६१४ या वर्षांत तिसऱ्या फेलिपेच्या हुकुमाने सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर घालवण्यात आले. कित्येकांची लहान मुले, त्यांचा आत्मा वाचावा म्हणून, मागे ठेवून घेतली गेली. एस्त्रेमादुरा प्रांतातले ओर्नाचोस नावाचे डोंगराच्या कुशीतले गाव जवळजवळ सगळेच्या सगळे उठले. १६१० मध्ये ते लोक बू रेग्रेगच्या मुखाशी पोचले.

सलाने त्यांचे स्वागत केले नाही. त्यांचा पोशाख, त्यांची भाषा, त्यांच्या बायकांचे वागणे पाहून हे तर कास्तीलचे ख्रिश्चन, असे म्हणून गावकऱ्यांनी नाके मुरडली. स्पेनमध्ये मूर म्हणून हाकललेले, इथे स्पॅनिश म्हणून दूर ठेवलेले! शेवटी ते दक्षिण काठावर रबातच्या पडक्या तटांच्या आत आणि तिथल्या किल्ल्यात, कसब्यात, राहिले. लोक त्या वस्तीला नवे सला म्हणू लागले. ओर्नाचोसवाल्यांनी बरोबर पैसा आणला होता. त्यांनी जहाजे घेतली, खलाशी जमवले. नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. मोठी लढाऊ जहाजे त्यावर अडतात, हलकी उथळ जहाजे भरतीबरोबर आत शिरतात. चाच्यांना याहून सोयीचे बंदर मिळणे कठीण. १६२७ साली त्यांनी मोरोक्कोच्या सुलतानाला महसूल देणे बंद केले आणि आपले स्वतंत्र संस्थान चालवले. स्वतःची सभा, स्वतःचा आरमारप्रमुख, परदेशांशी तह! १६६८ मध्ये मौलाय रशीदने ते बुडवीपर्यंत हा कारभार चालला.

पहिल्याने त्यांचा रोख स्पेनच्या जहाजांवर होता. इथपर्यंत तरी मी त्यांच्याशी वाद घालायला कचरेन. ज्याने घर घेतले, मूल घेतले, त्याच्या जहाजावरचा माल घेतला, यात न्याय नसेल, पण हिशेब आहे. मात्र समुद्रावर हिशेब टिकत नाही. फ्रेंच, इंग्रज, डच, जो कोणी वाटेत आला त्याला धरले. यान यान्सून नावाचा हार्लेमचा एक डच खलाशी १६१८ साली चाच्यांच्या हाती सापडला, मुसलमान झाला, मुराद रईस बनला आणि याच सलाच्या आरमाराचा प्रमुख झाला. तोही पकडला गेलेलाच. १६२७ साली सलाची जहाजे उत्तरेला पार आइसलंडपर्यंत गेली आणि ग्रिंडाविक या कोळ्यांच्या वस्तीतून त्यांनी पंधराएक माणसे उचलली. त्या मोहिमेचा नेता हाच मुराद रईस होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. आता ग्रिंडाविकच्या कोळ्याने ओर्नाचोसच्या माणसाचे काय घेतले होते? त्या बिचाऱ्याने ओर्नाचोसचे नावही ऐकले नसेल. फेलिपेचे देणे त्याच्याकडून वसूल झाले, कारण स्पेनचा राजा माद्रिदला होता आणि कोळी किनाऱ्यावर होता.

यावर वाचक म्हणतील, तुम्ही घरात बसून न्याय करता. देशोधडीला लागलेल्यांनी काय उपाशी मरायचे? हा आक्षेप मी हलका समजत नाही. पण दोन गोष्टी त्याच्या आड येतात. ओर्नाचोसवाले उपाशी नव्हते. त्यांच्या मागून अंदालुसियातून गरीब मोरिस्को आले. त्यांचेही घर त्याच राजाने घेतले होते, तेही त्याच वाटेने आले होते. तरी जकातीत आणि लुटीत त्यांना वाटा द्यायला कसब्यातले लोक राजी नव्हते. १६३० साली हत्यारे उपसली गेली, तेव्हा कुठे वाटणीचा करार झाला. एकच दुःख भोगलेल्या माणसांमधली ही गोष्ट. समदुःखी हा शब्द आपण फार विश्वासाने वापरतो.

दुसरी गोष्ट अशी की त्याच हद्दपारीतले हजारो लोक ट्युनिसला गेले. तिथल्या उस्मान देने त्यांना जमिनी दिल्या, कर माफ केले. त्यांनी तेस्तूर नावाचे गाव वसवले, मळे फुलवले. ट्युनिसच्या लाल लोकरी टोप्यांचा धंदा त्यांनी भरभराटीला आणला. ट्युनिसलाही चाचे होते, तेव्हा तिकडची माणसे अधिक साधू होती असे मुळीच नाही. पण दाराशी आलेल्याला जमीन दिली तर तो काय करतो आणि नुसता पडका तट दाखवला तर काय करतो, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सलाच्या जुन्या गावकऱ्यांनी हात झटकले, पण त्या वर्षांतल्या पापाचा थोडा भाग त्यांच्या पदरात टाकल्यावाचून मला राहवत नाही.

आणि युरोप? तिकडच्या लोकांनी सलाच्या क्रूरपणाची वर्णने भरभरून लिहिली. जमिनीखाली धान्य साठवण्याच्या पेवांत कैद्यांना रात्री कोंडत, हे खरेच आहे. त्याच काळात माल्टाच्या आणि इटलीच्या गलबतांवर मुसलमान गुलाम वल्ह्यांना जखडलेले होते. लिव्होर्नोच्या बंदरात राजपुत्राच्या पुतळ्याखाली साखळ्यांनी बांधलेले चार मूर आजही ब्राँझमध्ये बसलेले आहेत. पिएत्रो ताक्काने ते १६२६ पर्यंत घडवून पुरे केले. हिशेब पुढेही थांबला नाही. १८५१ साली दुष्काळात भुकेल्या लोकांनी सलाच्या किनाऱ्यावर अडकलेल्या फ्रेंच जहाजावरचे धान्य लुटले, म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रेंच आरमाराने गावावर तोफा डागल्या. गोळे मोठ्या मशिदीवरही पडले. धान्य लुटणारे त्या वेळी मशिदीत होते की नव्हते, हे तोफा विचारत नाहीत.

झेर्मां म्वेत नावाचा फ्रेंच तरुण १६७० मध्ये पकडला जाऊन सलाच्या बाजारात विकला गेला आणि अकरा वर्षांनी सुटला. त्याने आपल्या कैदेची हकीकत लिहिली आहे. ज्या घरी तो पहिल्याने राहिला तिथली घरधनीण त्याच्याशी मायेने वागली. या बाईकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. तिने गुलामगिरी मोडली नाही. घरात विकत आणलेला माणूस आहे, हे तिला ठाऊक होते. तिने त्याच्याकडून कोणाचे देणे वसूल केले नाही, एवढेच. एवढ्यानेही अकरा वर्षांतला काही काळ सुसह्य झाला, असे त्या कैद्याला वाटले आणि त्याने ते कागदावर ठेवले.

आता दोन अर्जांविषयी सांगतो. १६२६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुमारे दोन हजार गरीब खलाशांच्या बायकांनी बकिंगहॅमच्या ड्यूककडे अर्ज केला. आमचे नवरे सलाला कैदेत आहेत, मुले अन्नावाचून आहेत, आमची माणसे घरी आणा, असा त्याचा आशय. दुसरा अर्ज सलाहूनच निघाला, १६३१ साली. तो कैद्यांचा नव्हे, त्यांना कैदेत टाकणाऱ्यांचा. कसब्यातल्या ओर्नाचोसवाल्यांनी स्पेनच्या राजाला कळवले की किल्ला, त्यातल्या तोफा, सगळे तुमच्या हवाली करतो. आमच्या काही अटी आहेत. त्यांतली मुख्य अशी, की आम्हांला परत ओर्नाचोसला जाऊन पहिल्यासारखे राहू द्यावे, आणि धर्मन्यायालयाने काही वर्षे आमच्या वाटेला जाऊ नये. एकवीस वर्षे झाली होती. आइसलंडची मोहीम होऊन चार वर्षे झाली होती. पैसा होता, किल्ला होता, समुद्रावर त्यांच्या नावाची दहशत होती.

सौदा जुळला नाही. ओर्नाचोस आपल्या डोंगराखाली आजही आहे. रबातमध्ये स्पेनहून आलेल्या जुन्या घराण्यांत बर्गाश हे आडनाव अजून चालते. स्पेनमध्ये ते बार्गास होते.