सणाच्या बाजारातला घास

रमजानच्या महिन्यात मुंबईतल्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत दिवेलागणीनंतर जी गर्दी उसळते, तिच्यात रोजा सोडायला आलेले किती आणि नुसते खायला आलेले किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या डोंगरावर माउंट मेरीची, म्हणजे कोळी बांधवांच्या मोत मावलीची जत्रा भरते. तिथे मेणबत्तीसोबत मेणाचे हात, पाय, घरे अर्पण करणाऱ्यांत हिंदू असतात, पारशी असतात, मुसलमान असतात, आणि उतरताना सगळ्यांच्याच हातात चणे-फुटाण्यांच्या नि मिठाईच्या पुड्या असतात. डिसेंबरमध्ये माहीमला मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याजवळ जत्रा लागते. तिथे परातीएवढा पराठा तळून, तोडून रव्याच्या हलव्याबरोबर विकला जातो. दिवाळीआधी शाळांच्या सभागृहांत आणि गृहसंकुलांच्या आवारांत फराळाची प्रदर्शने भरतात, तर नाताळात वांद्रे आणि माझगावकडे केक नि कलकल घ्यायला ख्रिस्ती नसलेली माणसेही जातात. या सगळ्या बाजारांकडे पाहून श्रद्धाळू माणूस हळहळतो की बाजाराने सण गिळला. न मानणारा म्हणतो की सण मुळातच बाजार होता, देव निमित्तमात्र. दोघांचे गृहीत एकच आहे: जिथे पैसा हातातून हातात जातो, तिथून धर्म उठून गेलेला असतो. हे गृहीत मला खोटे वाटते. सणाचा बाजार हा सणाला जडलेला रोग नाही. परक्या माणसाला आमंत्रणाशिवाय आत येता यावे म्हणून धर्माने ठेवलेली ती जागा आहे, आणि तिचे मोल धार्मिकच आहे.

हे पटायला आधी घरच्या स्वयंपाकघराकडे पाहावे लागेल, कारण बाजारी अन्नाची तुलना आपण नेहमी त्याच्याशी करतो. घरचा नैवेद्य शुद्ध, मनापासून केलेला, आणि बाजारातला मोदक विकतचा, असा आपला हिशेब असतो. पण ज्या सोवळ्याने तो नैवेद्य शुद्ध राहायचा, त्याच सोवळ्याने घरात कोणी यायचे, कोणी ओसरीवर थांबायचे आणि कोणी अंगणातच उभे राहायचे हेही ठरत असे. पाण्यात शिजलेला भात, वरण, भाकरी यांना विटाळ पटकन लागतो, ते खरकटे होते. लाह्या, फुटाणे, चुरमुरे, तुपात किंवा तेलात तळलेले पदार्थ मात्र बरेच निर्धोक, ही वाटणी जुन्या घरांत पोरांनाही पाठ असायची. जत्रेतल्या खाऊकडे या नजरेने पाहिले तर तो खाऊ असाच का, हे कळते. पंढरपूरचे चुरमुरे-फुटाणे, देवळाबाहेरचे बत्तासे नि पेढे, जत्रेतली गोडी शेव, रेवड्या, सगळे कोरडे, भाजलेले, तळलेले, पाकवलेले. टिकाऊपणा हे कारण आहेच, पण हेच पदार्थ विटाळाच्या कुंपणावरून उडी मारू शकत होते, हेही तितकेच खरे. मनुस्मृतीतही एक सवलत आहे: कारागिराचा हात नेहमी शुद्ध आणि बाजारात मांडलेला माल नेहमी शुद्ध. शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत परंपरेने पुढे हात आखडता घेतला, तरी कबुली महत्त्वाची आहे. शुद्धीचे इतके काटेकोर नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते की बाजारात प्रत्येक हाताची जात विचारत बसलो तर समाज एक दिवसही चालणार नाही. ती सवलत व्यवहारासाठी दिली गेली असेल, पण तिच्यातून एक नैतिक शक्यता जन्माला आली.

महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात ही शक्यता ठळकपणे दिसते. 1849 मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने स्थापन झालेली परमहंस सभा गुप्तपणे चाले. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, असा तिथला दंडक होता. एकच परमेश्वर मानणाऱ्या आणि जातिभेद नाकारणाऱ्या या मंडळींना आपल्या श्रद्धेची कसोटी म्हणून मंत्र सुचला नाही, पाव सुचला! 1860 च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटण्याची वेळ आली तेव्हा सभा विस्कटून गेली, यावरून त्या घासाची किंमत किती होती ते समजते. पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. पुढे गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही ग्रामण्याला, म्हणजे जातीतल्या बहिष्काराच्या वादाला, आणि प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एका चहाच्या कपावरून शंकराचार्यांच्या पीठापर्यंत प्रकरण गेले. आज मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत एखादे हिंदू कुटुंब मातीच्या वाडग्यातली फिरनी खाते, मोठ्या कढईत अंडी फोडून तळलेला मालपुवा बांधून घेते, आणि घरी परतल्यावर त्यांना कोणी जाब विचारत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांत केवढे अंतर कापले गेले आहे! हे अंतर व्याख्यानांनी कापले तसेच पाववाल्यांनी, इराणी हॉटेलवाल्यांनी आणि जत्रेतल्या हलवायांनीही कापले.

यावर पहिला आक्षेप जुना आणि गंभीर आहे. येशूने जेरुसलेमच्या मंदिरातले सराफांचे चौरंग उलथून टाकले, कबुतरे विकणाऱ्यांना हाकलले. मग बाजार आणि देव यांचे जमते कसे म्हणायचे? पण तिथे काय विकले जात होते ते पाहायला हवे. बळीसाठी लागणारे प्राणी आणि मंदिरात चालणारी नाणी, म्हणजे उपासनेचाच प्रवेश विकला जात होता. देवापर्यंत पोहोचायचे तर आधी या गाळ्यावरून जा, असा तो व्यवहार होता. भुकेल्या यात्रेकरूला भाकरी विकणे ही वेगळी गोष्ट. कुराणात हजच्या संदर्भात स्पष्ट सांगितले आहे की त्या काळात आपल्या पालनकर्त्याची कृपा, म्हणजे उपजीविका, शोधण्यात दोष नाही. आणि पुरीच्या जगन्नाथ मंदिरात तर आवारातच आनंदबाजार आहे. मातीच्या मडक्यांत शिजलेला भात, डाळ, भाज्या देवाला दाखवून महाप्रसाद होतात आणि तिथे चक्क विकले जातात. एरवी सगळ्यात जास्त विटाळ मानला जाणारा पदार्थ म्हणजे शिजलेला भात, आणि तोच तिथे जातीपातीचा विचार न करता एकत्र बसून खाल्ला जातो. विक्रीने महाप्रसादाचे महाप्रसादपण गेले, असे कोणी भाविक म्हणत नाही. (त्या मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही, ही त्या उदाहरणाची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे.) म्हणून ज्यांना देवस्थानांच्या बाजारीकरणाची खरी चीड आहे, त्यांनी पायरीवरच्या फुटाणेवाल्याकडे पाहू नये. पैसे मोजून रांग टाळणारा दर्शनाचा पास हा खरा उलथून टाकण्याजोगा चौरंग आहे.

दुसरा आक्षेप असा की समतेचा घास हवा तर तो फुकटच असला पाहिजे. गुरुद्वारातल्या लंगरमध्ये राव-रंक एका पंगतीत बसतात, तिथे खिसा चाचपावा लागत नाही. बाजारात मात्र ज्याच्याकडे पैसे नाहीत तो बघत राहतो. हे खरे आहे, आणि लंगर ही माणसाने शोधलेल्या सर्वांत उदात्त गोष्टींपैकी एक आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण सगळे दान लंगरसारखे नसते. आपल्या समाजात शिजलेले अन्न कोण कोणाकडून घेतो यावर उच्च-नीच ठरत आले. उरलेसुरले वाढून घेणाऱ्याला घेतानाच आपली पायरी कळत असे, आणि बाबासाहेबांच्या चळवळीने तसले अन्न नाकारायला सांगितले ते याच कारणासाठी. विकत घेणारा कोणाचे उपकार घेत नाही. विकणाराही कोणाचा आश्रित नसतो. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा त्या बायकांच्या हातच्या चवीला दाम आणि त्या दामाला प्रतिष्ठा मिळाली. दिवाळीच्या फराळाच्या प्रदर्शनात चकलीचा सोऱ्या फिरवणाऱ्या बाईचे श्रम घरात असताना ‘माया’ या नावाखाली फुकट धरले जात होते. तिला योग्य भाव मिळणे हे सणाच्या पावित्र्यात उणे नव्हे, भर घालणारे आहे. भाव योग्य नसेल तर तिथे बाजार दोषी आहे, आणि तसा तो अनेकदा असतो.

सर्वांत मोठा आक्षेप खुद्द बाबासाहेबांचा आहे. 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी सांगितले की सहभोजनाने जात मरत नाही, अनेक जाती एकमेकांत जेवतात आणि तरी जात शाबूत राहते. आंतरजातीय विवाह आणि शास्त्रांच्या प्रामाण्याचा त्याग, हा खरा उपाय. याला माझ्याकडे खंडन नाही, कारण ते बरोबर आहे. वर्षातून एकदा नल्ली-निहारी खाणारा माणूस उरलेले अकरा महिने आपल्या सोसायटीत मुसलमान भाडेकरू नको म्हणू शकतो, आणि म्हणतो. म्हणून सणाच्या बाजाराकडून जातिअंताची किंवा धर्मद्वेष संपवण्याची अपेक्षा मी करत नाही. माझा दावा त्याहून लहान आहे. दुसऱ्याच्या धर्माची ओळख आपल्याला बहुधा वादातून, बातम्यांतून आणि भाषणांतून होते. बाजारात ती त्याच्या आनंदातून होते. ज्याचा आनंद आपण एकदा पाहिला, त्याच्याबद्दल काहीही सांगितले तर ते खपवून घेणे थोडे अवघड जाते. लग्नाच्या मांडवापर्यंत ही वाट जात नाही हे कबूल, पण तिथे जाणाऱ्या वाटेवरचा हा एक पूल आहे, आणि पुलाने मुक्कामाचे काम केले नाही म्हणून तो पाडायचा नसतो.

आता मॉलमधले आणि हॉटेलांतले पॉप-अप. ‘रमजान फूड फेस्टिव्हल’, ‘ख्रिसमस मार्केट’, ‘कोकणी गणपती थाळी’ अशी नावे देऊन तेच स्वयंपाकी, त्याच दिव्यांखाली, महिनाभर चालवतात. या ठिकाणी श्रद्धाळू माणसाची हळहळ मला पटते, फक्त तिचे कारण पैसा नाही. कारण वेळ आहे. खरा सणाचा बाजार सणाच्या घड्याळावर चालतो. रमजानचा महिना चंद्रावर असल्याने इंग्रजी कॅलेंडरच्या मानाने दरवर्षी सुमारे 10-11 दिवस अलीकडे सरकतो. म्हणून काही वर्षे मालपुव्याची कढई भर उन्हाळ्यात तापते, काही वर्षे पावसाच्या छपराखाली. गल्लीतली दुकाने मगरिबच्या अजानची वाट पाहतात आणि सहरीपर्यंत जागी राहतात. तिथे जाणाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, त्या घड्याळापुढे वाकावे लागते. स्वतः उपवास केला नसला तरी उपास सुटण्याची वाट पाहणाऱ्यांच्या शेजारी तो उभा राहतो, आणि समोर ताट असूनही हात न लावणारी माणसे बघतो. ही भूक आणि हे थांबणे यांच्यामुळे तो पदार्थ धर्माचा होतो. मॉलमध्ये सणच गिऱ्हाइकाच्या सोयीने वाकतो. दुपारी 12 वाजताही ‘इफ्तार थाळी’ मिळते. तिथे चव असेल, पण ज्या संयमातून ती चव आली तो नाही.

उरतो प्रश्न ज्याचे त्याचे पथ्य पाळण्याचा. मांस न खाणारा, हलाल पाहणारा, चतुर्थीचा उपास धरणारा माणूस या गर्दीत काय करणार? माझ्या मते त्याच्यासाठी बाजार घरापेक्षा सोयीचा आहे. कोणाच्या घरी पानावरून ‘नको’ म्हटले तर यजमान दुखावतो. बाजारात एखाद्या गाड्यापुढून न थांबता पुढे गेले तर कोणाचा अपमान होत नाही. म्हणजे आपले व्रत आणि दुसऱ्याचा मान, दोन्ही इथे राखता येतात. पदार्थात काय आहे हे विचारायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. विकणारा कोण आहे, हा प्रश्न मात्र वेगळा. 2024 च्या जुलैमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांनी आपली नावे लावावीत असा फतवा निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती देताना हाच फरक केला: कोणते अन्न आहे ते सांगा, कोणाचे आहे ते सांगण्याची सक्ती नको. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना बंदीचा ठराव केला. प्रशासनाने तो रद्द ठरवला. कायद्याच्या दृष्टीने तो घटनाविरोधी होता, हे अनेकांनी म्हटले. तो धर्माच्याही विरोधात होता, हे फारसे कोणी म्हटले नाही. भटक्या-विमुक्तांची पंढरी म्हणवणाऱ्या आणि गाढवांच्या बाजारासाठी दूरदूरवर ठाऊक असलेल्या त्या यात्रेत शतकानुशतके नाथांच्या दारात कोणाला ‘तू कोण’ असे विचारून गाळा मिळत नव्हता. बाजारात मांडलेल्या मालाची शुद्धी मान्य करणारी स्मृतीसुद्धा या ठरावापेक्षा उदार ठरते.

गोव्यात खाजे नावाचा पदार्थ आहे. बेसनाची जाडसर बोटे तळून गुळाच्या पाकात आले घालून घोळवलेली, दाताखाली आधी कडक आणि मग तिखटगोड. याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खाजे विकणारी हिंदू कुटुंबे देवळांच्या जत्रांना दुकान मांडतात आणि चर्चच्या फेस्तांनाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात, कारण लोकांच्या मनात ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे. तिथे खाजे घेणाऱ्याला ते कोणत्या देवाचे हे विचारावे लागत नाही, आणि विकणाऱ्यालाही त्याचे उत्तर तयार ठेवावे लागत नाही. शहरात सणाचे बाजार भरवणाऱ्यांनी, मग ती महापालिका असो, देवस्थानची समिती असो की चर्चची, गाळ्यांची वाटणी करताना हा गोव्याचा शिरस्ता नियम म्हणून लिहून ठेवायला हवा: भाडे परवडणारे ठेवा, अन्नाची तपासणी कडक ठेवा, आणि अर्जातून धर्माचा रकाना काढून टाका.