आधी, नंतर, डावीकडे

अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात नऊ द्रव्यं सांगितली आहेत, पृथ्वीपासून मनापर्यंत. काळ आणि दिशा ही त्यातली दोन, एकमेकांपासून वेगळी मोजलेली. बी.ए.ला ही यादी पाठ केली. ती अजून डोक्यात आहे, कारण नंतर पोटापाण्याला लागले ते टिपणं लिहायच्या एका ॲपच्या कामाला, आणि तिथे ही दोन द्रव्यं सतत भांडत असतात.

ॲपमध्ये हिब्रू, अरबी, उर्दू नीट लिहिता यावं असं ठरलं, तेव्हा टीममधल्या पोरांना वाटलं, मजकूर उजव्या कडेला नेला की काम झालं. पण साठवलेल्या मजकुराला उजवं-डावं नसतंच. युनिकोडमध्ये अक्षरं वाचण्याच्या क्रमानं राहतात. हिब्रू शब्दाचं पहिलं अक्षर पहिल्याच जागी, मराठीसारखंच. बाजूचा प्रश्न येतो तो पडद्यावर मांडताना. याचा दाखला आपल्या घरातच आहे: ‘कि’मधली ऱ्हस्व वेलांटी दिसते ‘क’च्या डावीकडे, साठते ‘क’नंतर. टाइपरायटरवर ती आधी मारावी लागे, कारण त्या यंत्राला फक्त जागा कळायची. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘क’ आधी, वेलांटी मागून.

ही नऊ द्रव्यं मानणाऱ्या वैशेषिकांच्या टीकाकारांनी काळ आणि दिशा यांच्यातला हा भेद फार नेमका पकडला आहे. आधी-नंतर हा संबंध ठरलेला असतो. बाप मुलाच्या आधीचा, मग पाहणारा कुणीही असो. दिशेचं तसं नाही. सातारा पुणेकराला दक्षिणेला आणि कोल्हापूरकराला उत्तरेला, आणि दोघंही खरंच बोलत असतात. डावीकडून लिहिणं ‘सरळ’ आणि उजवीकडून ‘उलटं’ असं आमच्या मीटिंगमध्येसुद्धा कुणी सहज बोलून जातं, तेव्हा मला हा सातारा आठवतो.

हे सगळं सोपं, जोवर ओळीत एकच लिपी आहे. इस्रायलमधल्या लोद गावचे एक बेने इस्रायली गृहस्थ आमचं ॲप वापरतात. घराणं मूळचं कोकणातलं. मलिदा या विधीच्या सामानाची यादी ते मराठीत करतात: पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, नाव मात्र हिब्रूत. त्यांचा मेल आला, “ताई, कर्सर उडी मारतो.” मारतोच. मराठी शब्द संपून हिब्रू सुरू होतो, त्या सांध्यावर काळात जागा एकच असते, पडद्यावर दोन. पुढचं अक्षर मराठी असेल तर ते मराठी शब्दाला चिकटून उमटेल. हिब्रू असेल तर हिब्रू शब्दाच्या पार उजव्या टोकाला. दोन्ही शब्दांत मिळून माउसनं मजकूर निवडला, तर निळा पट्टा मध्येच तुटतो. मजकूर सलगच निवडलेला असतो. तुटते ती जागा.

त्यांची दुसरी तक्रार जास्त खोल होती. यादीतली एक ओळ डावीकडून सुरू होते, तिच्या खालची उजवीकडून. ब्राउझरला दिशा आपोआप ठरवू दिली की तो ओळीतलं पहिलं दिशा असलेलं अक्षर शोधतो आणि सगळी ओळ त्याच्या बाजूनं लावतो. इंग्रजी आकडे आणि विरामचिन्हं तो या कामी धरत नाही. गृहस्थांनी विचारलं, पहिल्या अक्षराला हा मान कुणी दिला? मला हसू आलं, कारण वैशेषिकांनीही असंच केलं आहे. त्यांच्या मते दिशा मुळात एकच. सूर्य जिथे प्रथम भेटतो ती बाजू पूर्व. म्हणजे दिशेची वाटणी करायला त्यांनाही ‘प्रथम’ लागलंच, आणि ‘प्रथम’ हा काळाचा शब्द. दोन द्रव्यं वेगळी ठेवायची म्हटलं तरी दिशेला काळाकडे उसनं मागायला जावं लागतं. मला हे नऊ द्रव्यांच्या यादीतलं सगळ्यात अवघड ठिकाण वाटतं.

व्याकरणकार भर्तृहरी अर्थात याच्याही पलीकडे गेले. वाक्याचा स्फोट, म्हणजे अर्थ देणारं मूळ रूप, अखंड असतो, क्रम फक्त ध्वनीला, असं ते म्हणतात. म्हणजे युनिकोडचा क्रमसुद्धा वरवरचाच. असेल. पण भर्तृहरींना बॅकस्पेस दाबायची नव्हती. वाक्य कितीही अखंड असलं तरी ते खोडायचं एकेक अक्षरानंच, आणि आधी कुठलं जाणार हे कुणीतरी सांगावं लागतं.

आम्ही शेवटी असं केलं: बॅकस्पेस क्रमानं मागे जाते, बाणाच्या कळा मात्र बाण दाखवतो त्याच बाजूला. उर्दू-अरबीत यादीतल्या टिकच्या चौकटी उजवीकडे गेल्या, मागे जायचा बाण फिरला. घड्याळाचं चित्र तसंच ठेवलं, कारण काटे तिकडेही याच बाजूनं फिरतात. टीममधला एक जण बाणांच्या बाबतीत अजून वाद घालतो. त्याचं म्हणणं, कर्सर वाचनाच्या क्रमानंच चालला पाहिजे, कळेवर काहीही छापलेलं असो. लोदच्या गृहस्थांना मी दोन्ही पर्याय कळवले. त्यांचं उत्तर आलं की यादी त्यांच्या बायकोला वाचायची असते, आणि तिला फक्त खोबरं किती आणायचं ते दिसलं म्हणजे पुरे.