अदृश्याची साक्ष

काही वर्षांपूर्वी एका रविवारच्या प्रवचनात मी म्हणालो होतो, "शास्त्रज्ञही न पाहिलेल्या कृष्णविवरावर विश्वास ठेवतातच ना? मग आपण परमेश्वरावर का ठेवू नये?" दृष्टान्त लोकांना आवडला. मिस्सा संपल्यावर मात्र भौतिकशास्त्र शिकणारा एक तरुण सॅक्रिस्टीत आला व नम्रपणे म्हणाला, "फादर, ते नुसता विश्वास ठेवत नाहीत, साक्षी तपासतात." त्या वाक्याने मला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले. ज्याचा दाखला दिला, ते मी स्वतः कितीसे जाणत होतो?

मग मी वाचू लागलो. सप्तर्षींच्या शेजारी श्यामशबल नावाचा तारकासमूह आहे. त्या दिशेला सुमारे २.५ कोटी प्रकाशवर्षे अंतरावर एनजीसी ४२५८ ही दीर्घिका आहे. तिचे केंद्र सक्रिय आहे. तेथील अल्पशा जागेतून निघणारी ऊर्जा केवळ ताऱ्यांची असू शकत नाही. परंतु मध्ये वायू आणि धूळ यांचा दाट पडदा असल्याने साध्या प्रकाशात ते केंद्र झाकलेलेच राहते.

या पडद्यापलीकडील पहिली साक्ष क्ष-किरणांची. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडविते, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. जपानने १९९३ मध्ये सोडलेल्या ‘आस्का’ या उपग्रहाला असे आढळले की, केंद्राकडून येणारे सौम्य क्ष-किरण पडद्यात विरून जातात. तीव्र किरण मात्र पार होतात. जे अडले त्यांवरून पडद्याची दाटी कळली आणि जे पोहोचले त्यांवरून आतले तेज.

दुसरी साक्ष चक्क पाण्याची! केंद्राभोवती फिरणाऱ्या चकतीतील उबदार वायूत पाण्याचे रेणू आहेत. एका रेणूची लहर दुसऱ्यातून तशीच लहर बाहेर काढते आणि ती वाढत जाऊन सुमारे १.३ सेंटिमीटर तरंगलांबीचा प्रबळ रेडिओ संकेत होतो. यास मेसर म्हणतात. धूळ त्याला अडवू शकत नाही. हवाईपासून कॅरिबियनपर्यंत विखुरलेल्या १० रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून मियोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेसरांची स्थाने व वेग मोजले आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेग सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटरपर्यंत होते आणि केंद्रापासून दूर जावे तसे ते केप्लरच्या नियमाप्रमाणे नेमके उतरत होते. म्हणजे एका प्रकाशवर्षाहूनही कमी त्रिज्येच्या आत सुमारे ४ कोटी सूर्यांचे वस्तुमान कोंडलेले होते. कृष्णविवराखेरीज दुसरे उत्तर देणे कठीण झाले.

येथे दोन गोष्टी मला शास्त्रापेक्षा नीतीच्या वाटल्या. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणालाही दोषी ठरवू नये, असा दंडक जुन्या करारातील नियमशास्त्रात आहे. येथे भिन्न मार्गांनी आलेल्या दोन साक्षी जुळल्या. शिवाय वेग त्या नियमात बसले नसते, तर तो निष्कर्ष मागे घ्यावा लागला असता. स्वतः चुकीचे ठरण्याची ही तयारी म्हणजे सत्यापुढील विनयच होय.

माझा दृष्टान्त म्हणूनच फसवा होता. परमेश्वर हा मोजमापाने गवसणारा पदार्थ नव्हे. खगोलशास्त्रज्ञ एखाद्या वस्तूविषयी अनुमान काढतो. श्रद्धावंत कोणा एकावर भरवसा टाकतो. श्रद्धेला विज्ञानाची उसनी वस्त्रे नेसविल्याने तिची शोभा वाढत नाही. तथापि, अदृश्याविषयी बोलणाऱ्याची जबाबदारी दोघांनाही सारखीच बांधते. काही महिन्यांनी मी वेदीजवळून हे कबूल केले. वीस वर्षांच्या प्रवचनांत असे काही सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

वाचकहो, शेजाऱ्याचे अंतःकरणही पडद्याआडच असते. अमुक घरातला मुलगा मिस्सेला दिसत नाही, अमुक सून कोणाशी बोलत नाही, एवढ्या एका साक्षीवर आपण निवाडा देऊन मोकळे होतो. अडीच कोटी प्रकाशवर्षांवरच्या निर्जीव वायूला माणसाने जेवढा न्याय दिला, तेवढा पलीकडच्या आळीतील माणसाला आपण देतो काय?