डोळ्यांना ओळख असते, अपराध नसतो

साक्ष देताना साक्षीदार कसा वागला, याबद्दल नोंदवण्यासारखे काही वाटले तर न्यायाधीशाने ते लिहून ठेवावे, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280 मध्ये होती. 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती कायम आहे. यामागचा विश्वास फार जुना. आवाज, चेहऱ्याचा रंग, डोळे आणि हावभाव यांवरून माणसाच्या पोटातले ओळखावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाला सांगितले आहे. तपासात उभा जन्म घालवलेला हवालदारही हेच सांगेल: डोळ्यांत बघितले की कळते.

ते कळत नाही, हे आता पुष्कळ तपासून झाले आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. समोरचा खरे बोलतो की खोटे, हे नुसते बघून-ऐकून सांगायला बसलेली माणसे शंभरात सरासरी 54 वेळा बरोबर ठरली. नाणे उडवले असते तरी 50 वेळा बरोबर आले असते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका पाहणीत 58 देशांतल्या लोकांना विचारले होते, की खोटे बोलणारा कसा ओळखाल? जवळपास सगळीकडे सर्वांत जास्त आलेले उत्तर एकच, तो नजर चुकवतो. एवढ्या देशांचे एकमत असलेल्या या खुणेचा खोटेपणाशी असलेला संबंध प्रयोगांत मात्र नगण्य निघतो. आठवताना डोळे एका बाजूला जातात आणि थाप मारताना दुसऱ्या, हा व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून पसरलेला दावा रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तपासला. त्यात काहीही तथ्य आढळले नाही.

आपल्याकडे तर या समजुतीने विशेष अन्याय होतो. वडीलधाऱ्यांसमोर, साहेबांसमोर मान खाली घालून बोलावे, असे ज्यांच्या अंगी लहानपणापासून मुरवलेले असते, त्या माणसांना पोलीस ठाण्यात त्याच खाली गेलेल्या मानेपायी संशयित ठरवले जाते. पहिल्यांदाच ठाण्याची पायरी चढलेली शेतमजूर बाई निरीक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलेल, ही अपेक्षाच चूक. आणि सराईत गुन्हेगाराला नजर स्थिर ठेवायला कुणी शिकवावे लागत नाही.

पण एवढ्यावर विषय संपला असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. डोळ्यांतून काहीच कळत नाही, हेही खरे नाही. नजरेवरून खोटे पकडता येत नसले, तरी आठवण बऱ्यापैकी पकडता येते. खरी काळजी मला या दुसऱ्या गोष्टीची वाटते, कारण तिथे विज्ञानाला खरोखरच काहीतरी सापडले आहे.

आपली नजर सलग सरकत नाही, उड्या मारते. सेकंदाला साधारण तीन-चार उड्या, आणि दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर मुक्काम. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी रशियन चित्रकार रेपिनच्या एका प्रसिद्ध चित्रावर, ज्यात घरातला माणूस दीर्घकाळानंतर अचानक परत येतो, बघणाऱ्याच्या नजरेची वाट नोंदवली होती. चित्र तेच, बघणारा तोच. पण ‘ही माणसे किती वयाची असतील’ असे विचारले की नजर एका वाटेने जाई, आणि ‘हा माणूस किती दिवसांनी परतला असेल’ असे विचारले की दुसऱ्याच. मनात काय चालले आहे त्याप्रमाणे नजरेची वाट बदलते, हे यार्बुस यांच्या 1967 मध्ये इंग्रजीत आलेल्या पुस्तकातून जगभर गेले. पुढे 1999 मध्ये रॉबर्ट अल्थॉफ आणि नील कोहेन यांनी दाखवले, की ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा आपण निरनिराळ्या रीतीने बघतो. ओळखीच्या चेहऱ्यावर नजरेचे मुक्काम कमी होतात, कारण नव्याने जाणून घ्यायचे फारसे उरलेले नसते.

जेरुसलेममधल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग जरा जवळून बघावा. पडद्यावर एकाच वेळी चार चेहरे दाखवले. तिघे अनोळखी, एक बघणाऱ्याच्या चांगल्या ओळखीचा. त्याला सांगितलेले, की ओळख दाखवायची नाही. नजर टिपणाऱ्या यंत्रात दिसले ते असे: सुरुवातीला डोळे ओळखीच्या चेहऱ्याकडे ओढले जातात आणि लगेच तिथून निघतात. उरलेला वेळ बाकीच्या तिघांवर घालवला जातो आणि ओळखीचा चेहरा टाळला जातो. आधीची ओढ तर आपोआपची. माणूस एक शब्दही बोललेला नसतो.

आणखी एक प्रयोग मला याहून अस्वस्थ करतो. डेबोरा हॅन्युला आणि चरण रंगनाथ यांनी 2009 मध्ये लोकांना चेहरे आणि दृश्ये यांच्या जोड्या पाठ करायला लावल्या आणि नंतर तीन चेहऱ्यांतून बरोबर जोडी निवडायला सांगितली. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी निगडित भाग जेव्हा जास्त सक्रिय होता, तेव्हा नजर बरोबर चेहऱ्यावर रेंगाळत होती, निवड चुकली तरीसुद्धा. म्हणजे स्वतःला आठवत नाही असे माणूस प्रामाणिकपणे सांगत असेल, तेव्हाही डोळ्यांना काही माहीत असू शकते. अशा माणसाला खोटारडा म्हणायचे का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि तपासाच्या खोलीत ती महागात पडते. डोळ्यांनी सांगितलेली गोष्ट ‘हे मी पाहिले आहे’ एवढीच असते. ‘हे मी केले आहे’ ही गोष्ट डोळे सांगत नाहीत, ती बघणारा आपल्या पदरची जोडतो. डेव्हिड लिकन यांनी 1959 मध्ये मांडलेली पद्धत याच फरकावर उभी आहे. खोटे बोलतोस का, असे न विचारता, जे फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असेल ते याला ठाऊक आहे का, एवढेच तपासायचे. समजा, घरफोडीत दागिने पिठाच्या डब्यातून गेले. संशयिताला पाच चित्रे दाखवायची: कपाट, देवघर, पिठाचा डबा, गादी, माळा. ज्याने चोरी केली नाही त्याला पाचही सारखी. चोराची नजर डब्यावर अडखळेल.

तर्क चोख आहे. पण त्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना तो डबा रोजचाच. शेजारणीला घरमालकिणीने कधीतरी सांगितलेले असू शकते. आणि ज्या संशयिताला आदल्या रात्री कोठडीत ‘बोल, डब्यातले दागिने कुठे ठेवलेस’ असे दहा वेळा विचारून झाले आहे, त्याची नजर डब्यावर अडखळणारच, मग तो त्या इमारतीत कधी गेलेला नसला तरी.

लिकन यांची पद्धत जपानमध्ये पोलीस दरवर्षी हजारो प्रकरणांत वापरतात. तिथे डोळ्यांऐवजी श्वास, नाडी आणि घामावरून ओळख मोजली जाते. गुन्ह्यातला कोणता तपशील बाहेर फुटलेला नाही हे बघून, तेवढ्यावरच तिथले तज्ज्ञ प्रश्न बांधतात. आपल्याकडे अटक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद असते. टेबलावर मुद्देमाल मांडलेला, मागे बुरखा घातलेला आरोपी, आणि कोणत्या खिडकीने शिरला, कोणत्या कोयत्याने वार केला, हे सगळे संध्याकाळपर्यंत गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर. ज्या तपासात गुप्त असे काही उरतच नाही, तिथे गुप्त माहितीची चाचणी कशावर घेणार? यंत्र कितीही महागडे आणले तरी ही अडचण सुटत नाही, कारण ती ठाण्याच्या सवयींतली आहे.

आणि महाराष्ट्राने या वाटेवर एकदा पाऊल टाकलेले आहे. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या खटल्यात एका तरुणीला दोषी ठरवून जन्मठेप दिली. निकालात इतर पुराव्यांसोबत मेंदूच्या विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार होता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत काम केलेल्या चंपादी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेली ही पद्धत. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून संशयिताने गप्प बसायचे आणि त्याला गुन्ह्याच्या हकिकतीतली वाक्ये ऐकवायची, तीही जणू तोच बोलतो आहे अशी. ऐकीव गोष्ट आणि अनुभवलेली गोष्ट यांतला फरक मेंदूच्या लहरींवरून कळतो, असा दावा होता. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने ही पद्धत अशास्त्रीय असल्याचा निर्वाळा दिला. त्या तरुणीला पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. ती निर्दोष होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण स्वतंत्रपणे न तपासलेला दावा निकालपत्रापर्यंत पोहोचला कसा, हा प्रश्न आपण कधी धसाला लावला नाही.

डोळ्यांच्या बाबतीत तशीच घाई अमेरिकेत झाली आहे. युटा राज्यातल्या एका कंपनीने 2014 मध्ये नजर आणि बाहुलीचा आकार मोजून खोटे पकडण्याचे यंत्र बाजारात आणले. नोकरभरतीसाठी ते विकले जाते. मनावर ताण आला की डोळ्यातली बाहुली रुंदावते, हे खरेच आहे.  पण अवघड हिशेब करतानाही ती रुंदावते, हे एखार्ड हेस यांनी साठच्या दशकातच दाखवले होते, आणि नोकरी जाईल या भीतीनेही. यंत्र शंभरात 80 वेळा अचूक आहे असे धरून चालू. हजार कर्मचाऱ्यांत 20 जण अफरातफर करणारे असतील तर त्यांतले 16 सापडतील. उरलेल्या 980 प्रामाणिक लोकांपैकी 196 जणांवरही बोट ठेवले जाईल. संशयित ठरलेल्या 212 जणांत चोर 16. त्या 196 जणांना कामावरून कमी करताना कुणी हा हिशेब दाखवणार नाही.

कायद्याने यातल्या काही गोष्टी रोखल्या आहेत. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीशिवाय घेता येणार नाही, असे बजावले. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणावर जबरदस्ती करता येत नाही, हा घटनेच्या कलम 20(3) चा आधार. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण मनात काय आहे ते शरीराकडून काढून घेणे हीही साक्षच, हे त्यात मान्य झाले. पण त्या तिन्ही चाचण्यांत माणसाला कळते की आपल्यावर काहीतरी चालले आहे. सुई टोचावी लागते, पट्टा बांधावा लागतो, टोपी चढवावी लागते, म्हणून संमती मागण्याचा एक क्षण तरी येतो. नजरेच्या चाचणीत तो क्षणच नाहीसा होऊ शकतो. अ‍ॅपलने 2024 मध्ये अपंगांसाठी केवळ नजरेने आयफोन चालवण्याची सोय दिली, ती फोनच्या समोरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर चालते. प्रयोगशाळेतल्या यंत्राइतकी ती बारीक नाही, पण दिशा कोणती आहे ते स्पष्ट आहे. चौकशीला बसलेल्या माणसासमोर अधिकाऱ्याने सहज चार फोटो ठेवले आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्याने नजर टिपली, तर त्याला हातही लागला नाही, त्याने तोंडही उघडले नाही, आणि त्याच्या आठवणीची झडती घेऊन झाली. याला जबरदस्ती म्हणायचे की नाही, हे सेल्वी निकालाच्या शब्दांतून आपोआप निघत नाही. माझ्या मते म्हणायलाच हवे. गप्प राहण्याचा हक्क तोंडापुरता ठेवला आणि डोळे मोकळे सोडले, तर त्या हक्काला अर्थ उरत नाही.

आणि कॅमेरे तर येऊ घातले आहेत. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत आणि चौकशीच्या जागी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. कोठडीतल्या माणसाला मारहाण होऊ नये, झाली तर पुरावा राहावा, म्हणून. हे चित्रण आरोपीच्या रक्षणासाठी आहे. त्यावरून त्याच्या नजरेचे विश्लेषण करायला, मग ते तपासाची दिशा ठरवण्यापुरते का असेना, कायद्यातच स्पष्ट मनाई हवी. ज्याला स्वतःहून अशी चाचणी द्यायची आहे, त्याची संमती वकिलाच्या उपस्थितीत, दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवली जावी; पॉलिग्राफसाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2000 मध्येच ही रीत घालून दिली आहे. आणि चाचणीच्या अहवालात पहिल्या पानावर लिहिलेले असावे, की दाखवलेली प्रत्येक गोष्ट या माणसाने त्याआधी कुठे-कुठे पाहिलेली असू शकते.