कौल देणारा माणूस

सामना पाकिस्तानात, यजमान संघ पाकिस्तानचा आणि दोन्ही अंपायर भारताचे. आज हे सांगितलं तर ऐकणारा हसेल. पण नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत हे खरोखर घडलं. त्या दोघांपैकी एक होते व्ही. के. रामस्वामी आणि दुसरे ठाण्याचे पिलू रिपोर्टर. १४ कसोटी, २२ एकदिवसीय सामने आणि १९९२ चा विश्वचषक एवढी कारकीर्द मागे ठेवून रिपोर्टर ३ सप्टेंबर २०२३ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी गेले. त्यांची आठवण निघाली की आधी लाहोर निघतं.

त्या काळी यजमान देशाचेच अंपायर उभे राहत आणि पाहुणा संघ हरला की खापर त्यांच्यावर फुटे. परक्या देशाचे अंपायर हवेत, हा आग्रह पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याचा. १९१२ च्या तिरंगी स्पर्धेनंतर कसोटीत तटस्थ अंपायर दिसले ते लाहोरलाच. निकाल काय लागला? पाकिस्तान १३१ आणि ७७, वेस्ट इंडिज २१८. यजमान एक डाव आणि १० धावांनी हरले, आणि या वेळी अंपायरकडे बोट दाखवायची सोय कुणालाच उरली नव्हती.

हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही. निकाल न्याय्य ठरतो तो अचूक असतो म्हणून, की तो देणाऱ्याला त्यात स्वतःचं काही मिळवायचं नसतं म्हणून?

गोव्यात या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. डिचोली तालुक्यातलं नार्वे हे सप्तकोटेश्वराचं गाव. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीज अमलात गेलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधवलं. डिचोली आणि पेडण्याच्या या पट्ट्यात अनेक देवळांत आजही देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या किंवा कळ्या देवाच्या अंगावर चिकटवतात, पुजारी गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट पाहत उभे राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देव कारण सांगत नाही. कौल डावा पडला तर माणूस बेत पुढे ढकलतो किंवा सोडून देतो. पाकळी चुकली असं म्हणत नाही. उत्तर मानायचं हे त्याने प्रश्न विचारण्याआधीच ठरवलेलं असतं.

भात कापून झालं की अशाच गावांतल्या मोकळ्या शेतांत टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. तिथे अंपायर बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो. म्हणूनच गावोगावच्या पोरांनी एक शहाणा नियम करून टाकला आहे: पायचीत धरायचं नाही. त्रिफळा उडालेला सगळ्यांना दिसतो, झेल सगळ्यांना दिसतो. पायचीतचं तसं नाही. चेंडू पॅडला लागून थांबलेला असतो आणि पॅड मध्ये नसता तर तो यष्ट्यांवर गेला असता का, हे सांगायचं असतं. म्हणजे जे घडलंच नाही, त्याबद्दल निकाल द्यायचा. तो आपल्याच संघाच्या माणसाने दिलेला कोण मानणार?

क्रिकेटचे नियम या बाबतीत फार विचारपूर्वक बांधलेले आहेत. क्षेत्ररक्षकांनी अपील केल्याशिवाय अंपायर कुणाला बाद देत नाही. कौलासारखंच आधी विचारावं लागतं. शंका असेल तर फायदा फलंदाजाला, हा जुना संकेत. पुढे यंत्रं आली. १९९२ मध्ये डर्बनला तिसऱ्या पंचाने टीव्हीवर पाहून धावबाद दिलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर. २००८ पासून अंपायरच्या निर्णयावर दाद मागायची डीआरएस पद्धतही आली. पण पायचीतच्या बाबतीत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागेल असं यंत्र म्हणालं, तर मैदानातल्या माणसाचाच निर्णय कायम राहतो. सत्य पुरतं हाती लागत नाही तिथे यंत्रानेही मान माणसाला दिला आहे.

हा माणूस चुकतो, ही खरी अडचण आहे. २००१ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत इंग्लंडचे गडी बाद झाले ते काही चेंडू नो-बॉल होते आणि ते डेव्हिड शेफर्ड यांच्या नजरेतून सुटले. शेफर्ड इतके खचले की त्यांनी निवृत्तीचा विचार केला. लोकांनी धीर दिला म्हणून त्यांनी तो विचार सोडला. त्यांच्या प्रामाणिकपणावर कुणी शंका घेतली नव्हती. मग प्रामाणिक चुकीचा दोष लागतो का?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. सगळं आपणच केलं असं मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. अंपायरच्या बोटामागेही हे पाचही असतात. पायाखालची खेळपट्टी, तो स्वतः, त्याचे डोळे आणि कान, त्याची धडपड आणि नशीब. मात्र याचा अर्थ जबाबदारी दैवावर ढकलावी असा नाही. रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या पेशवाईतल्या न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्तेपुढे निकाल बदलला नाही आणि त्याची किंमत पद सोडून मोजली. निकालावर पुरता ताबा नसला तरी हेतूवर असतो.

रिपोर्टर पारशी होते. त्यांच्या धर्मपरंपरेत मरणानंतर चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिन्वत पुलापाशी येतो आणि तिथे रश्नू नावाचा यजत, म्हणजे पूज्य दैवी शक्ती, तराजू धरतो, असं मानतात. त्या तराजूत विचार, उच्चार आणि आचार तोलले जातात. आयुष्यभर दुसऱ्यांचे निवाडे केलेल्या माणसाला शेवटी अशा ठिकाणी उभं राहायचं असतं. तिथे किती निर्णय बरोबर आले याची टक्केवारी कुणी मागत नाही. निर्णय देताना मनात काय होतं, ते मात्र तोललं जातं. लाहोरचा निकाल दोन्ही संघांनी मानला, तो दोन्ही अंपायर कधी चुकणारच नाहीत म्हणून नव्हे. तिथे कोण जिंकतो यात त्यांचं काहीच अडकलेलं नव्हतं. कौलाची पाकळी निर्लेप असते ती तिला मन नसतं म्हणून. अंपायरला मन असतं, आवडनिवड असते, प्रेक्षकांचा आरडाओरडा ऐकू येतो. ते सगळं बाजूला सारून तो बोट वर करतो, म्हणून त्याचं मोल पाकळीहून जास्त.

आपल्याकडे स्पर्धा संपली की सामनावीराला चषक, पाहुण्यांना नारळ आणि पुरस्कर्त्यांचे आभार असतात. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या अंपायरचं नाव अनेकदा माइकवर येतच नाही. नार्वे असो, पेडणे असो की ठाणे, या हंगामापासून आयोजकांनी ते घ्यावं, आणि तो हयात असतानाच घ्यावं.