शिक्का रबरी, मोर्तब कोणाचे?

मराठीने इंग्रजीकडून घेतलेल्या शब्दांपैकी ‘रबर’ हा शब्द आपले क्रियापद मागे ठेवून आला. इंग्रजीत तो घासणे या अर्थाच्या ‘रब’ या धातूपासून बनला. शिसपेन्सिलीच्या खुणा कागदावरून पुसून टाकणाऱ्या एका पदार्थाची नोंद रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने १७७० मध्ये केली, आणि घासून पुसणारी वस्तू म्हणून कामावरून पडलेले ते नाव पुढे त्या पदार्थालाच कायमचे लागले. मराठीत शब्द पोचला तेव्हा त्यातला घासण्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या कानाला लागण्याचे कारण नव्हते, म्हणून पुसण्याच्या तुकड्याला ‘खोडरबर’ असे नवे नाव देताना खोडण्याची क्रिया पुन्हा वेगळी जोडावी लागली. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलले तर ही द्विरुक्ती आहे. पण पोर्तुगीज पावाला रोटी जोडून ‘पावरोटी’ करणाऱ्या समाजाला असल्या द्विरुक्तीचे वावडे कधीच नव्हते, आणि ते नसावे हेच बरे, कारण त्यातूनच परका शब्द घरचा होतो.

क्रियापद गळून पडल्यामुळे मराठीत या शब्दाचा केंद्रबिंदू पुसण्याकडून ताणण्याकडे सरकला. कुकरचे रबर, केसांचे रबर, टँकरची रबरी नळी, गल्लीतल्या क्रिकेटचा रबरी चेंडू या साऱ्या वस्तूंमध्ये पुसण्याचा लवलेश नाही. दाब सोसणे आणि दाब गेला की पूर्ववत होणे एवढाच त्यांचा समान गुण आहे. लांबलेले भाषण किंवा संपता न संपणारी मालिका रबरासारखी ताणली असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा तो इंग्रजी वाक्प्रचाराचे भाषांतर करत नसून हाताला आलेल्या अनुभवावरून स्वतःची उपमा घडवत असतो. या शब्दाचे लिंगही अजून पक्के झालेले नाही, कोणी ‘तो रबर’ म्हणतो तर कोणी ‘ते रबर’, आणि व्याकरणकारांनी यात घाई करण्याचे काही कारण दिसत नाही.

मुळात या पदार्थासाठी मराठीजवळ स्वतःचा शब्द नव्हता असेही म्हणता येत नाही. झाडाच्या सालीतून पाझरणाऱ्या ज्या दुधाळ द्रवापासून रबर तयार होते त्याला मराठीत ‘चीक’ म्हणतात, आणि वड, उंबर, रुई, फणस यांच्यामुळे कोकणातल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. फणस फोडताना हाताला तेल का लावतात हे पनवेल तालुक्यातल्या आगरी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. ‘चिकट’ हा गुण या चिकाचाच, आणि कच्च्या रबराचा मूळ दोषही नेमका तोच होता: उन्हाळ्यात ते चिकट होई आणि थंडीत कडक होऊन तडके. चार्ल्स गुडइअर या अमेरिकन संशोधकाने १८३९ च्या सुमारास चिकापासून मिळवलेले हे रबर गंधकासह तापवून स्थिर करण्याची रीत शोधली. रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून तिला व्हल्कनीकरण म्हणतात. या प्रक्रियेला लागणारी रसायने बनवणारी नोसिल ही कंपनी आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात, म्हणजे नवी मुंबईतच आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या बिया इंग्लंडला नेल्या आणि तिथून ते झाड आशियात आले. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केरळहून आलेल्या बागायतदारांनी त्याच्या बागा उभ्या केल्या आहेत, त्यामुळे रबराचा चीक आता महाराष्ट्राच्या मातीतही पाझरतो.

पनवेलजवळ गाढी नदीच्या काठी सिडकोने वसवलेल्या करंजाडे या वसाहतीजवळ या पदार्थाचा आणखी एक स्वभाव पाहायला मिळतो. शेजारच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विमान उतरते तेव्हा हवेत स्थिर असलेली त्याची चाके जमिनीला टेकताक्षणी प्रचंड वेगाने फिरू लागतात, त्या घर्षणाने टायरचा पातळ थर वितळून धावपट्टीवर काळ्या पट्ट्यांच्या रूपाने बसतो, आणि हे थर साचत गेले की पावसात चाकांची पकड कमी होत असल्यामुळे ते जोरदार दाबाच्या पाण्याने किंवा रसायनांनी वेळोवेळी काढून टाकावे लागतात. खुणा पुसतो म्हणून ज्याला नाव मिळाले तोच पदार्थ इथे खुणा उमटवतो आणि त्या पुसायला दुसरे काही शोधावे लागते. घासण्याचा जो अर्थ मराठीने वाटेत सोडून दिला होता तो असा करंजाडेच्या उंबऱ्याशी येऊन थांबला आहे.

इंग्रजीतल्या ‘रबर’चे सगळेच अर्थ मराठीत आले नाहीत. पत्त्यांच्या ब्रिज या खेळातील तीन डावांच्या लढतीला आणि क्रिकेटच्या कसोटी मालिकेलाही ‘रबर’ म्हणत. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी मालिका जिंकल्या त्या काळात क्रीडावृत्तांतून हा शब्द वावरत होता, परंतु त्याचा ताणल्या जाणाऱ्या पदार्थाशी संबंध सामान्य वाचकाला लागला नाही आणि हळूहळू ‘मालिका’ या शब्दाने त्याची जागा घेतली. गर्भनिरोधक साधन हा अमेरिकेत रूढ असलेला अर्थही इथे रुजला नाही, कारण ती जागा रिकामी नव्हती. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढून आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून त्या विषयाची मराठी परिभाषा आधीच वापरात आणली होती, आणि पुढे १९६८ मध्ये सरकारी योजनेतून ‘निरोध’ हे संस्कृत नाव घरोघर पोचले. म्हणूनच अमेरिकेतल्या शाळेत नव्याने दाखल झालेल्या मराठी मुलाने शेजाऱ्याकडे निरागसपणे रबर मागितले की वर्गात हशा का पिकतो हे त्याच्या आईवडिलांनाही चटकन उमगत नाही.

आलेल्या अर्थांपैकी एक मात्र तपासून न घेताच आत घेतला गेला, तो म्हणजे ‘रबरी शिक्का’. स्वतःचा विचार न करता दुसऱ्याच्या निर्णयाला मान्यता देणारा माणूस हा त्याचा अर्थ इंग्रजीतून जसाच्या तसा उचलला गेला आणि राष्ट्रपतिपदापासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वत्र वापरला गेला. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर वास्तविक राष्ट्रपतींची सही उमटली होती, तरी त्या पदाबद्दलच्या चर्चेत तेव्हापासून शिक्काच अधिक गाजला. याच भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द निर्णय पक्का झाल्याचा, म्हणजे नेमका उलट भाव सांगतो. मराठी राज्याच्या पत्रव्यवहारात पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे आणि मजकूर संपला तिथे ‘मोर्तब’ ही छोटी मुद्रा उमटे. फारसीतून नाव आलेल्या या मुद्रेने मजकुराची हद्द ठरे, जेणेकरून तिच्याखाली कोणाला काही वाढवता येऊ नये. शिक्का मारण्याची क्रिया तीच असताना धातूचा शिक्का अधिकाराची खूण ठरतो आणि रबराचा शिक्का अधिकारशून्यतेची, हा भेद केवळ पदार्थाच्या मऊपणावरून पडलेला आहे, आणि तो उलटाच असायला हवा होता.

धातूची राजमुद्रा विशिष्ट राजाची असे, त्याच्या नावाने कोरलेली असे आणि त्याच्याबरोबर तिचा अंमल संपे. रबरी शिक्क्यावर बहुधा व्यक्तीचे नाव नसतेच, असते ते फक्त पद. मऊपणामुळे तो खडबडीत कागदावरही स्वच्छ उमटतो, स्वस्तात बनतो आणि एका पदाधिकाऱ्याच्या टेबलावरून पुढच्याच्या टेबलावर न बदलता जातो. सत्ता माणसाची नसून पदाची आहे हे तत्त्व ज्या वस्तूत इतके साधेपणाने दिसते तिलाच लोकशाहीने शिवी करावे, ही विसंगती थोडी नाही.

करंजाडेसारख्या ठिकाणी तर त्या शिक्क्याला हलके लेखणे परवडणारे नाही. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये स्थापन झाली, तरी बहुमजली इमारतींची ही वसाहत ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिली. विमानतळासाठी गाव सोडावे लागलेल्या कुटुंबांपैकी काहींचे पुनर्वसन वडघर-करंजाडे परिसरात झाले, आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला असो की राहत्या पत्त्याचा, कागदावर गोल शिक्का नसेल तर तो कागद परत येतो हे तिथल्या माणसाला पुरते ठाऊक असते. महाराष्ट्रात पंचायतींमधील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि ‘रबरी शिक्का’ हे विशेषण सर्वाधिक त्याच स्त्रियांच्या वाट्याला आले आहे. काही गावांत कारभार खरोखरच सरपंचाचा पती पाहतो, हे नाकारता येणार नाही. पण तेव्हा शिक्का त्या बाईंच्या हातातच नसतो, तो दुसऱ्याच्या खिशात असतो, आणि तरीही भाषा दोष देते ती शिक्का हिरावून घेतला गेला तिलाच. बिनहक्काने शिक्का मारणाऱ्या माणसासाठी मात्र मराठीत ‘सरपंचपती’ हा जवळजवळ मानाचा वाटावा असा शब्द तयार झाला आहे.

वृत्तपत्रांच्या संपादकांनी हा वाक्प्रचार वर्ज्य करावा असे कोणी म्हणणार नाही, कारण शब्द हुकमाने जात नाहीत. परंतु एखाद्या महिला सरपंचाला रबरी शिक्का म्हणणारी बातमी छापण्यापूर्वी, बातमीतल्या ठरावावर शिक्का प्रत्यक्षात कोणाच्या हाताने उमटला हे वार्ताहराला विचारावे आणि त्या माणसाचे नाव पहिल्या वाक्यात द्यावे.